त्याच्या शेजारी काय होतं?

निर्मले, तुझ्या मातीला किती माणूस लोटलं होतं म्हणून सांगू तुला! लातूरचं ते स्मशान मी आधी पाहिलेलं आहे, चांगलं ऐसपैस आहे. पण त्या दिवशी एखाद्या मुंगीला आत शिरायचं असतं तर आधी दुसऱ्या मुंगीला भिंतीवरून बाहेर काढावं लागलं असतं. आणि डॉक्टर तर असे आलेले, की कुणाला चक्कर आली असती तर तपासणाऱ्यांचीच रांग लागली असती. सगळे कधीतरी तुझ्या दुकानात बारावीचं पुस्तक घ्यायला आलेले. एक बाई तर ऑपरेशन अर्धं ठेवून आली म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणते.

माझी एक चप्पल त्या गर्दीत गेली. उजव्या पायात माझी आणि डाव्या पायात कुणा हाडाच्या डॉक्टरची, अशी मी नांदेडला परत आले. हाडाच्या डॉक्टरची कशावरून, असं तू विचारशील. चालताना कुठंच दुखलं नाही, यावरून.

खोटं कशाला बोलू, रडू मला नंतर आलं. आधी आला तो हेवा. तुझ्या डोक्याशी उभी राहून मी मनात म्हणत होते, मी गेले तर कोण येईल? नवरा येईल, त्याला यावंच लागेल. अझहर येईल. शेजारचा झेरॉक्सवाला शटर अर्धं ओढून येईल आणि अर्ध्यातच परत जाईल. तेवढ्यात तुझ्या आईनं माझा हात धरला, आणि मला वाटलं तिला ऐकू गेलं.

आता हे लिहायला बसले आहे त्याला कारण अझहर. आपल्या दोघींच्या दुकानांची वेबसाइट त्यानं बांधली, तोच सांभाळतो. विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनियर होऊन पुण्याला न जाणारा तो बहुधा एकटाच. तुझा दहावा झाला आणि दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, चहा घेतला, कप खाली ठेवला, परत उचलला.

"आपा, एक सवाल अटकून राहिलाय," म्हणाला. "रॅकमधल्या शोधाचं काय करायचं? दोघींचं पटेपर्यंत थांबा, असं निर्मलाआपानं सांगितलं होतं. आता तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो."

दोन वर्षं आपण ज्याच्यावर भांडलो ते भांडण मी जिंकले, निर्मले. कबड्डीत समोरचा संघ आलाच नाही की देतात तसलं जिंकणं.

सुरुवातीपासून सांगते. तू मध्येच "थाप हाय, थाप हाय" म्हणून टोकायचीस, ते आता होणार नाही, म्हणून सगळं सरळ सांगता येईल. येईल कसलं. तू टोकायचीस म्हणून तर मला थाप कुठं थांबवायची ते कळायचं.

लातूरला आपण दोघी एकाच दुकानात काउंटरला लागलो. तू तुझ्या गावाहून रोज एसटीनं यायचीस, मी नांदेडहून मामाकडे राहायला आले होते. लातूरचं तेव्हा नुकतंच नाव व्हायला लागलं होतं. बोर्डाच्या यादीत आपली पोरं झळकायला लागली आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांतून बाप लोक पोरांना धरून आणायला लागले, एका हातात पेटी, एका हातात पोरगं. जून लागला की आपल्या काउंटरसमोर अशी दाटी व्हायची की मागचा माणूस पुढच्याच्या खिशात हात घालून स्वतःचा समजून रुमाल काढायचा.

त्या दाटीत राणी कोण होती? मी होते. मला सगळ्या पुस्तकांची नावं पाठ. नाव, लेखक, आवृत्ती, कितव्या रॅकच्या कितव्या फळीवर, सगळं. गिऱ्हाईक "फि" म्हणायचं आणि "जिक्स" म्हणेपर्यंत पुस्तक त्याच्या हातात. एकदा एक माणूस नुसता खाकरला आणि मी त्याला रसायनशास्त्राचं ऑब्जेक्टिव्ह काढून दिलं, आणि तेच हवं होतं त्याला. तू त्यावरही "थाप हाय" म्हणालीस. तो माणूस खाकरला होता, हे खरं आहे.

मालक सगळ्यांना सांगायचे, "कुसुमला नाव सांगा आणि पुस्तक घ्या."

आणि तू? तू काउंटर सोडून बाहेर जायचीस. कुणी काही मागितलं की तू काउंटरचा आडवा दांडा वर करायचीस, त्याला आत घ्यायचीस आणि रॅकांमधून हिंडवायचीस. मालकाला घाम फुटायचा. गिऱ्हाईक आत घेतलं तर दाटी हलणार कशी? पण तू हिंडवायचीस. एखाद्या बापाला पुस्तकाचं नाव ठाऊक नसायचं. त्याला एवढंच ठाऊक असायचं की पोराला डॉक्टर करायचं आहे. असला माणूस माझ्यासमोर आला की मी विचारायचे, "नाव काय पुस्तकाचं?" आणि तो असा बघायचा, जसं मी त्याच्या बापाचं नाव विचारलं आणि त्याला आठवलं नाही. तो मान खाली घालून निघायचा. तू त्याला दारातून परत आणायचीस.

"काका, असं करू. ते पुस्तक तुमी कुठं बघितलं?"

"सायबाच्या पोराच्या टेबलावर, माय."

"टेबलावर अजून काय होतं?"

"एक निळं होतं, जाड. त्याच्यावर बेडूक होता."

"मंग चला. बेडकापाशी जाऊ."

आणि बेडकापाशी जाऊन त्याला ते सापडायचं. सापडल्यावर तो शेजारची आणखी तीन बघायचा, चाळायचा, त्यातलं एक घ्यायचा. माझ्याकडून गिऱ्हाईक एक पुस्तक घेऊन पळत जायचं. तुझ्याकडून जाताना मागं वळून हात करायचं. मला कुणी आयुष्यात हात केला नाही. मी रोज तुझ्यासमोर म्हणायचे, "किती वेळ लावतीस गं!" आणि रोज संध्याकाळी मामाच्या घरी आरशासमोर उभी राहून म्हणून बघायचे, "चला, बेडकापाशी जाऊ." जमायचं नाही. आवाज दरडावल्यासारखा निघायचा.

मग तो भूकंप झाला.

त्याच्याबद्दल मी नांदेडात काय काय सांगितलंय ते तुला ठाऊक आहे. गणपती विसर्जनाला मी सुट्टी काढून नांदेडला आले होते. पहाटे खाट हलली. एवढंच झालं होतं. पण पुढच्या आठ दिवसांत ती खाट माझ्या तोंडून अंगणात गेली, अंगणातून गल्लीत गेली, आणि दिवाळीपर्यंत मी खाटेसकट गोदावरीच्या घाटावर उतरले होते. लोक ऐकायचे, हसायचे, परत सांग म्हणायचे. तुझं गाव मात्र सपाट झालं होतं, आणि तू त्याबद्दल कुणालाच काही सांगत नव्हतीस.

चौथ्या दिवशी मी ब्रेडच्या ट्रकमधून तुझ्या गावी आले. चिखल, दगड, वर पाऊस, आणि तो वास. आलेली माणसं मदतीसाठीच आली होती, बिचारी भल्या मनानं विचारत होती, "मावशी, काय शोधताय? आजी, काय शोधताय?" आणि कुणाला सांगता येत नव्हतं. माझंही तोंड तिथं बंद झालं. नावं पाठ असण्याचा काही उपयोग नाही अशी जागा मी पहिल्यांदा बघितली.

दगडांवर एक म्हातारी बसली होती. "माझी पेटी," एवढंच म्हणत होती. कुठली, कुठं, काही नाही. तू तिच्याजवळ उकिडवी बसलीस.

"काकू, पेटीच्या शेजारी काय होतं?"

ती म्हणाली, "जातं."

"आन जात्याच्या शेजारी?"

"चूल की गं."

"चूल कोण्या भिंतीला होती? उठा, मला दाखवा. चालत दाखवा."

आणि ती म्हातारी उठली, निर्मले. दारच नव्हतं, तरी दारातून आत आल्यासारखी वाकून आली. इथं उंबरा, म्हणाली आणि पाय उचलला. इथं रांजण. इथं चूल. पोरांनी तिथं उकरलं तर आधी जातं लागलं, आणि जात्याला चिकटून पेटी. तिनं ती उघडली नाही. नुसती वर बसून राहिली.

मी तुला विचारलं, "हे तुला सुचलं कसं?"

तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "परवा आमच्या धाकट्या सुनीला शोधताना. ती बाबाच्या शेजारी झोपायची."

त्याच्यावर आपण पुन्हा कधीही बोललो नाही. आणि आता ऐक, म्हणजे ऐकू येत असेल तर. म्हातारीचा आणि पेटीचा हा किस्सा मी तीस वर्षं सांगत आले आणि त्यात "शेजारी काय होतं?" असं मी विचारते. मी. ब्रेडचा ट्रक सोडून मी धावत येते, म्हातारीजवळ बसते आणि विचारते. तू त्या किश्श्यात लांब कुठंतरी पाणी वाटत असतेस. माणसानं मैत्रिणीची साडी चोरावी, नवऱ्यावर डोळा ठेवावा. मी तुझा प्रश्न चोरला. एवढ्या मोठ्या दुःखातून तुझ्या हाताला एक गोष्ट लागली होती आणि मला तीही तुझ्याकडे बघवली नाही. भूकंपाचासुद्धा हेवा करणारी बाई बघितलीस का कुठं? माझ्याकडे नुसती हललेली खाट होती गं.

परवा तुझ्या शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि सवयीनं तोच किस्सा सुरू केला. "मी त्या म्हातारीला विचारलं," असं म्हणाले आणि समोर तुझी आई दिसली. तिनं काही केलं नाही. पदर नीट केला, एवढंच. मी पुढचं वाक्य विसरले. आयुष्यात पहिल्यांदा. लोकांना वाटलं मला भरून आलं.

पुढं माझं लग्न नांदेडात झालं, मी इथं दुकान टाकलं. मालक गेल्यावर लातूरचं दुकान तू घेतलंस. मग क्लासेसचं जे पीक आलं त्यात लातूर कुठल्या कुठं गेलं. तुझ्याकडे चौकाचौकात क्लास, गल्लीगल्लीत खोल्या, खोलीखोलीत चार पोरं. नांदेडलाही आलं तसं, पण लातूर ते लातूर. मला त्याचाही हेवा. आमच्याकडे गोदावरी आहे, गुरुद्वारा आहे, रेल्वेचं ऑफिस आहे, तरी पोरगा हुशार निघाला की बाप म्हणतो, लातूरला टाकतो.

मोबाइलवर पुस्तकं विकायची टूम निघाली तेव्हा मी तुला फोन केला, हे तरी कबूल करशील. वेबसाइटची कल्पना माझी. दोन्ही दुकानांचा माल एका जागी. आणि अझहरला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "वर एक भली मोठी चौकट दे. त्यात नाव टाकायचं, पुस्तक घ्यायचं. बाकी काही नको." म्हणजे मीच, चौकटीत बसलेली.

तू लातूरहून पहिल्या एसटीनं आलीस. हातात वही.

"रॅक कुठं हायत?" तू विचारलंस.

"कशाला पायजेत? नाव टाकलं की येतंय."

"ज्याला नावच ठाव न्हाई त्यानं?"

"त्यानं आधी विचारून यावं."

"कुणाला, कुसुम? त्यानं कुणाला इचारावं?"

अझहर मध्येच म्हणाला, "दोन्ही ठेवू की. एका बाजूला शोध, एका बाजूला रॅक."

"एका बाजूला दोन सवती ठिवल्या म्हणून संसार होतो का रे?" तू म्हणालीस. तुला हसताना आवाज नसायचा, फक्त खांदे हलायचे. "दोघींनी एकमेकीच्या घरात जायला पायजे."

आणि वहीतून तू ते सगळं काढलंस. माणसानं नाव टाकलं तर पुस्तक दाखवायचं, पण ते ज्या रॅकवर आहे तो रॅकही उघडायचा, शेजारच्या पुस्तकांसकट. नाव अर्धंमुर्धं असेल, "केमेस्टी" असेल, "बेडूकवालं" असेल, तर कुठल्या कुठल्या रॅकवर तसलं काही आहे ते बाजूला सांगायचं, मग तो आपणच निवडील. रॅकांची नावं तर तू अशी दिली होतीस की मी मोठ्यांदा हसले. "पहिल्यांदाच लातूरला आलात?" हा एक रॅक. "रूमवर राहणाऱ्यांसाठी", त्यात मच्छरदाणी, बादली, टेबललॅम्प आणि आईच्या नावानं टाकायची पोस्टकार्डं. आणि शेवटी, जिथं सहज कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, "पुन्हा एकदा". ज्यांचा नंबर लागला नाही आणि जे परत वर्षभर बसणार आहेत, त्यांचा. दुकानातही तू तो रॅक खांबाच्या मागं ठेवला होतास.

बटणावर "शोधा" लिहायचं की "चाळा", यावरनं आपण जेवलो नाही. माझं शोधा, तुझं चाळा. शेवटी अझहर वैतागून म्हणाला, "आपा, दोनों छोडो. माझी अम्मी किल्ली हरवली की म्हणते, धुंडाळ."

तू आणि मी एकमेकींकडे बघितलं. धुंडाळा! त्यात शोधणंही आहे आणि हात फिरवत हिंडणंही आहे. बटणावर तेच बसलं. तो शब्दही माझा नाही, बघ. अझहरच्या अम्मीचा. त्या माउलीचा मी चार दिवस हेवा केला.

मग तुझं ते वाक्य. धुंडाळून काहीच सापडलं नाही तर साधारणपणे "काही सापडलं नाही" असं येतं ना, ते तू काढायला लावलंस. त्याच्या जागी लिहायला लावलंस, "ते न्हाई. पण त्याची जागा ही हाय." आणि खाली तो रॅक. शुद्ध लिही गं, असं मी म्हणाले तर म्हणालीस, "शुद्ध लिहिलं तर नुसतं न्हाई म्हटल्यासारखं वाटतं." गावोगाव नाव झालं त्या वाक्याचं. एका सरांनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हटलं. "कुणी लिहिलं हो?" असं मला विचारलं तर मी खाली बघून अशी हसायचे, की समोरच्यानं समजून घ्यावं.

माझी एकच मिरवायची गोष्ट होती, आणि तुझ्यासमोर मी ती भरपूर मिरवली. माझे फोन. वेबसाइट सुरू झाल्यापासून कुठून कुठून मला फोन यायला लागले. बिलोली, देगलूर, उदगीर. "कुसुमताई का? ते अमकं पुस्तक कुठंच मिळंना झालंय." देगलूरची एक बाई अर्धं मराठी अर्धं तेलुगू बोलायची, तिला हवं होतं ते पुस्तक मी तिच्या रागावरून ओळखलं. मी तुला सांगायचे, "बघ निर्मले, तुझ्याकडं डॉक्टर असतील, पण माझं नाव तालुक्यातालुक्यात गेलंय. मला कोण ओळखत न्हाई?" आणि तू म्हणायचीस, "हाव गं. लई नाव हाय तुजं." आणि फोनवर मला तुझे खांदे हलताना ऐकू यायचे. मला वाटायचं, जळतेय. बरं वाटायचं.

तर ते राहिलेलं भांडण. रॅकमध्ये शिरलेल्या माणसानं तिथं उभं राहून काही धुंडाळलं, तर फक्त त्या रॅकवरचं दाखवायचं की सगळ्या दुकानातलं?

मी म्हणाले, सगळ्या दुकानातलं. कुणी बाई मच्छरदाण्या बघत असताना तिला फिजिक्स आठवलं आणि तिनं टाकलं, तर मच्छरदाणीत फिजिक्स कुठून येणार? तिला वाटेल दुकानात नाहीच.

तू म्हणालीस, आधी त्याच रॅकवरचं. नसलं तर विचारायचं, "इथं न्हाई. भायेर हाय. नेऊ का?"

"आणखी एक प्रश्न! तेवढ्यात बाई निघून जाईल."

"मच्छरदाणीवाली जाईल, जाऊ दे. 'पुन्हा एकदा'मधली जाता कामा नये."

"म्हणजे?"

"ती पोरगी तिथवर कशी आलीय ते तुला ठाव न्हाई कुसुम. तिनं तिथं केमिस्ट्री म्हटलं आन तू तिला सगळ्या दुकानातली केमिस्ट्री दाखवलीस, तर तू तिला परत दारापाशी नेऊन सोडलंस. सगळी नवी पोरं जिथं उभी हायत तिथं. ती परत आत यायची न्हाई."

"तुला सगळ्या पोरी ठाऊक!"

"मला एक ठाव हाय. मी बी बारावीला दोनदा बसले."

हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं! मला राग आला. मला न सांगता ठेवलेलं तुझ्याकडे काही असावं याचाच राग. मी म्हटलं, "ते काही न्हाई, माझं ऐकायचं," आणि फोन ठेवला. पुढं प्रत्येक फोनला थोडं भांडायचं, थोडं ठेवायचं. मला वाटलं होतं हे आपल्याला म्हातारपणी पुरेल.

अझहर कप हातात धरून बसला होता. मी म्हटलं, "सगळ्या दुकानातलं कर." जिंकायचंच होतं ना.

"बघा एकदा," तो म्हणाला आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "आता आहे तसं आधी बघा. कायतरी असं टाका जे दुकानात नाही."

निर्मले, मी बोटं वर धरून बसून राहिले. दुकानात नाही असं काय टाकायचं ते मला सुचेना. मला जी नावं येतात ती सगळी दुकानात आहेत. मी कायम बरोबर नाव टाकत आले आणि ते कायम सापडत आलं. ज्या वाक्यावर मी खाली बघून हसत आले, ते वाक्य मी पडद्यावर एकदाही पाहिलेलं नव्हतं. वहीत पाहिलं होतं, तेवढंच.

शेवटी मी "निर्मला" टाकलं.

"ते न्हाई. पण त्याची जागा ही हाय." खाली एक रॅक उघडला. "पुन्हा एकदा". तो तिथंच का उघडला, हे मी अझहरला विचारलं नाही. तुझ्या वहीतला तुझा उद्योग असणार. मी पदर तोंडाला लावला आणि आता नीट रडावं म्हणून बसले, तर अझहर म्हणाला, "आपा, खाली सरका. खाली आणखी आहे."

रॅकच्या खाली, अगदी तळाशी, बारीक अक्षरात होतं:

"अजून न्हाई सापडलं? नांदेडला कुसुमताईला फोन लावा. तिला सगळं ठाव हाय. नसलं तरी सांगेल."

आणि माझ्या दुकानाचा नंबर.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"पैल्या दिवसापासून. तुमकू मालूम नै था क्या?"

बिलोली, देगलूर, उदगीर. तालुक्यातालुक्यात गेलेलं माझं नाव. सगळं तू पाठवत होतीस. जे तुझ्या रॅकांवर सापडत नव्हतं, ज्याला शेजारही उरला नव्हता, ते माझ्याकडे पाठवत होतीस, आणि वर "लई नाव हाय तुजं" म्हणत होतीस. आता मला एवढंच सांग, ही माया होती की खोडी? की अवघड गिऱ्हाईक माझ्या गळ्यात मारायची युक्ती? मी अझहरला विचारलं तर तो म्हणतो, "त्यांनी लिहायला सांगितलं तेव्हा खांदे हलत होते." त्यावरून काय ठरवायचं? तुझे खांदे तर सगळ्यालाच हलायचे.

रागानं मी लॅपटॉप अझहरकडे ढकलला. माझी म्हणून जी एक गोष्ट होती तीही तुझीच निघाली. मेल्यावरसुद्धा मला जिंकू देत नाहीस. आणि "नसलं तरी सांगेल"! सगळ्या मराठवाड्याला हे बारीक अक्षरात कळलेलं होतं आणि मी थाटात फोन उचलत होते.

म्हणून आता हे लिहून टाकते. पेटीच्या म्हातारीला मी विचारलं नव्हतं. तू विचारलं होतंस. मी मागं उभी होते, हातात ब्रेडचा पुडा होता, तो पावसात भिजून गेला होता. हा पुडाही मी कधी किश्श्यात घेतला नाही. तुझ्या आईला मी हे तोंडानं सांगणार आहे, पुढच्या आठवड्यात लातूरला येते तेव्हा. चप्पलही बघायची आहे.

अझहरला मी सांगितलं, आधी त्याच रॅकवरचं दाखव. नसलं तर विचार: "इथं न्हाई. भायेर हाय. नेऊ का?" तुझ्याच शब्दांत. पण मला पटलंय असं समजू नकोस. मच्छरदाणीवालीचं काय, याचं उत्तर तू दिलेलं नाहीस. भांडण मोडलेलं नाही, माझी पाळी आहे, एवढंच.

अझहर निघाला आणि फोन वाजला. बिलोलीहून एक बाई होत्या. पोरीला एक पुस्तक हवं होतं, नाव आठवत नव्हतं, मैत्रिणीच्या रूमवर पाहिलेलं होतं, पिवळं होतं, पोरगी यंदा परत बसत होती. पिवळं म्हटल्याबरोबर मला नाव आलं, लेखक आला, आवृत्ती आली, फळी आली. सगळं जिभेच्या टोकाशी येऊन उभं राहिलं, जूनमधल्या दाटीसारखं.

"तुमीच का त्या?" बाई जरा लाजत म्हणाल्या. "नसलं तरी सांगनाऱ्या?"

"हाव," मी म्हणाले. "मीच ती."

आणि नाव गिळलं. आवाज दरडावल्यासारखा निघू नये म्हणून आधी घसा साफ केला.

"पोरीला फोन द्या, माय. आन तिला इचारा, त्या पुस्तकाच्या शेजारी काय होतं?"